मूलपेशींचा पाठ : काय सांगितले, काय राहिले

गेल्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील नारायणगड येथे परिसरातल्या विज्ञान शिक्षकांबरोबर एक दिवस घालवण्याची संधी आम्हाला मिळाली. दहावीतले कोणते पाठ शिकवताना अडखळायला होते यावर बोलायचे, एवढेच ठरले होते. दुपारच्या जेवणानंतर एका शिक्षकांनी आम्हाला बाजूला घेतले. त्यांच्या एका विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. दोन-तीन वर्षांपासून त्याला पायऱ्या चढता येईनात. बसल्या जागेवरून उठताना तो स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठू लागला. तपासण्या झाल्या आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराचे निदान झाले. आईवडील ऊसतोडीला जातात. कोणीतरी त्यांच्या हाती एका शहरातील खासगी केंद्राचे माहितीपत्रक दिले होते. मुलाच्याच कमरेच्या हाडातून मूलपेशी काढायच्या, सुईने त्या परत शरीरात सोडायच्या, मग स्नायू नव्याने तयार होतील, असे त्यात लिहिले होते. खर्च इतका, की त्यासाठी मुकादमाकडून दोन हंगामांची उचल घ्यावी लागली असती. वडील शाळेत आले आणि म्हणाले, "सर, हे मूलपेशींचं तुम्हीच शिकवता ना पोरांना? मग करू का नको, तेवढं सांगा."

शिक्षक आम्हाला म्हणाले, "पाठ मला तोंडपाठ आहे हो. पण उत्तर नाही देता आलं."

हा लेख त्या वाक्यातून निघाला आहे. पाठ चांगला शिकवणाऱ्या शिक्षकालाही उत्तर देता येत नसेल, तर उणीव शिक्षकात शोधण्याआधी पाठात शोधली पाहिजे. म्हणून आम्ही तो पाठ पुन्हा एकदा, त्या वडिलांचा प्रश्न शेजारी ठेवून वाचला.

पाठात काय आहे

राज्याच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या २०१८ साली आलेल्या पुस्तकात 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' या पाठात मूलपेशी भेटतात. विषय शालेय पुस्तकात आला, हेच मुळात स्वागतार्ह आहे. आमच्या पिढीला हा शब्द पदव्युत्तर वर्गात प्रथम ऐकायला मिळाला. पाठाची भाषा सोपी आहे, वाक्ये लहान आहेत. मूलपेशी भ्रूणात असतात, नाळेत असतात, प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेतही असतात, हे त्यात सांगितले आहे. त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये कशा जतन करतात, तेही आहे. मग उपयोग येतात. मधुमेह, हृदयविकाराचा झटका, अल्झायमर, पार्किन्सन. पांडुरोग, थॅलेसेमिया, ल्युकेमिया. आणि शेवटी यकृत व मूत्रपिंड यांसारखे अवयव तयार करून त्यांचे रोपण.

परीक्षेच्या दृष्टीने मांडणी सोयीची आहे. 'उपयोग लिहा' या प्रश्नाला मुद्दे आयते मिळतात. आमचा आक्षेप या सोयीवरच आहे. आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की झालेले, होऊ घातलेले आणि नुसते कल्पिलेले या तिन्ही गोष्टी एकाच यादीत, एकाच क्रियापदाने सांगितल्या आहेत. दुसरा अधिक मूलभूत आहे. मूलपेशीपासून विशिष्ट पेशी *कशी* बनते हा विषयाचा गाभा आहे, आणि तोच एका वाक्यात उरकला आहे. पहिली चूक कळण्याचे साधन दुसऱ्या मुद्द्यात असल्यामुळे दोन्ही आक्षेप अखेर एकच ठरतात.

एका यादीतल्या तीन याद्या

यादीची फोड करून पाहू. ल्युकेमिया आणि थॅलेसेमिया यांवर रक्त घडवणाऱ्या मूलपेशींचे रोपण हा जगभर रुळलेला उपचार आहे. डोनल थॉमस यांना या कामासाठी १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली अस्थिमज्जेचे रोपण यशस्वी करून दाखवले. म्हणजे मूलपेशींचा उपचार महाराष्ट्रात येऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली. आपण त्याला अस्थिमज्जेचे रोपण म्हणत आलो, एवढेच. पाठात नसलेले आणखी एक सिद्ध उदाहरण शेजारच्या हैदराबादेत आहे. चुना किंवा आम्ल डोळ्यात जाऊन पारपटलाच्या कडेच्या मूलपेशी जळाल्या, तर निरोगी डोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशींचे रोपण करण्याचे काम तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या शतकाच्या आरंभापासून होत आले आहे.

दुसऱ्या गटात पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि पार्किन्सन येतात. इथे खरोखर पाऊल पुढे पडले आहे. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशी दिलेल्या १२ रुग्णांचे निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर त्यांतील १० जणांना बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागत नव्हते. परंतु शरीराने या परक्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना घ्यावी लागतात, आणि १२ ही संख्या फार लहान आहे. पार्किन्सनच्या चाचण्याही त्याच वर्षी प्रसिद्ध झाल्या, त्याही मोजक्या रुग्णांवरच्या. ही आशा साधार आहे. उपचार म्हणून मात्र ती अजून सिद्ध व्हायची आहे.

तिसऱ्या गटात पूर्ण मूत्रपिंड किंवा यकृत येते. मूलपेशींपासून मूत्रपिंडाच्या ऊतीसारखे दिसणारे इवलेसे गोळे प्रयोगशाळेत वाढवता येतात, आणि संशोधनाला त्यांचा मोठा उपयोग आहे. पण माणसात बसवता येईल असे कामाचे मूत्रपिंड मूलपेशींपासून तयार करून कोणीही रुग्णाला दिलेले नाही. आपल्याकडे रुग्ण आजही डायलिसिसवर आणि अवयवदानाच्या प्रतीक्षायादीवर असतात. वर्गातल्या एखाद्या मुलीचे वडील डायलिसिसवर असतील, तर 'अवयव तयार करून बसवता येतात' हे वाक्य तिने कसे ऐकायचे?

१९८३ साली झालेली गोष्ट आणि आजवर न झालेली गोष्ट यांना एकच क्रियापद वापरले, की मुलांच्या मनात विज्ञान म्हणजे सगळे जमणारी विद्या अशी प्रतिमा तयार होते. माहितीपत्रके लिहिणाऱ्यांना नेमकी हीच प्रतिमा हवी असते.

उसाचा डोळा काय सांगतो

आता गाभ्याकडे वळू. हा भाग शिकवायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. बीडच्या मुलांना ऊस सांगायला नको. उसाच्या तीन तुकड्यांचा एक प्रयोग आम्ही त्या दिवशी शिक्षकांना सुचवला. पहिली टिपरी गाठ आणि डोळा असलेली घ्यावी. दुसरीची गाठ ठेवून डोळा चाकूने कोरून काढावा. तिसरा तुकडा दोन गाठींमधल्या नुसत्या कांड्याचा असावा. तिन्ही ओल्या मातीत लावावेत आणि तीन आठवडे नोंद ठेवावी. पहिल्या टिपरीला कोंबही फुटतो आणि मुळ्याही. दुसरीला गाठीवरच्या ठिपक्यांतून मुळ्या फुटतात, कोंब मात्र फुटत नाही. तिसरा तुकडा नुसता कुजतो.

तिन्ही तुकड्यांतील पेशींत डीएनए एकच आहे. मग वागणे वेगळे का? डोळ्याच्या आत पेशींचा एक इवलासा घुमट असतो. या पेशी विभागतात तेव्हा काही तशाच राहतात आणि काही बाजूला सरकून पान, खोड, नलिका बनू लागतात. नववीत आपण त्यांना विभाजी ऊती म्हणतो. ऊस तोडल्यावर बुडख्याच्या डोळ्यांतून खोडवा येतो, तो याच पेशींमुळे. स्वतःसारख्या पेशी राखणे आणि त्याच वेळी वेगळ्या पेशी घडवणे, ही दोन कामे जी करते ती मूलपेशी. नववीच्या विभाजी ऊती आणि दहावीच्या मूलपेशी या एकाच कल्पनेच्या दोन बाजू आहेत. पाठाने हा दुवा जोडला असता, तर मूलपेशी ही द्रवरूप नायट्रोजनमधली अप्रूपाची वस्तू न राहता शेताच्या बांधावरची ओळखीची गोष्ट झाली असती.

प्राण्यांतले उदाहरण हवे असेल, तर गोड्या पाण्यातला हायड्रा घ्यावा. त्याचे दोन तुकडे केले तर दोन हायड्रा होतात, हे अब्राहम ट्रेंबली यांनी १७४० च्या दशकातच पाहिले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय हायड्रावर दीर्घकाळ काम केले आहे. हायड्राच्या अंगात तीन प्रकारच्या मूलपेशी असतात, आणि प्रत्येक प्रकार ठरावीक पेशीच घडवतो. म्हणजे इतक्या साध्या प्राण्यातही 'मूलपेशी म्हणजे काहीही बनणारी पेशी' हे समीकरण चालत नाही.

सगळ्या पेशी सारख्या?

भ्रूणाच्या आरंभी सगळ्या पेशी सारख्या असतात आणि पुढे वेगळ्या होतात, असे पाठ सांगतो. हे अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात खरी गंमत आहे. 'वेगळ्या होतात' म्हणजे काय होते?

एकेकाळी शास्त्रज्ञांना वाटे, की पेशी विशिष्ट होताना नको असलेली जनुके टाकून देत असेल. जॉन गर्डन यांनी १९६२ साली याला प्रयोगाने उत्तर दिले. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक त्यांनी, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले, आणि काही अंड्यांतून धडधाकट बेडूक वाढले. आतड्याच्या पेशीजवळ अख्ख्या बेडकाची माहिती शाबूत होती. (अपवाद आहेत. आपली तांबडी पेशी केंद्रकच टाकून देते, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी आपली काही जनुके कापून जुळवतात.)

म्हणजे पुस्तक तेच, पण प्रत्येक पेशी त्यातली वेगळी पाने उघडते. माणसाच्या पेशीत प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत. यकृताची पेशी त्यांतली काही वाचते, चेतापेशी दुसरी काही वाचते. कोणते पान उघडायचे हे ठरवणारी प्रथिने असतात. ती डीएनएच्या ठरावीक जागी बसतात आणि जवळच्या जनुकाचे प्रतिलेखन चालू किंवा बंद करतात. प्रतिलेखन ही क्रिया मुले याच पुस्तकाच्या पहिल्या पाठात शिकलेली असतात. मूलपेशींचा पाठ तिथूनच सुरू करता येईल. यांतली काही प्रथिने स्वतःचे जनुकही चालू ठेवतात आणि विरुद्ध वाटेच्या जनुकांना बंद करतात. त्यामुळे एकदा घेतलेली वाट टिकते. शिवाय न लागणारी पाने घट्ट गुंडाळून ठेवली जातात आणि पेशी विभागताना ही गुंडाळीही बऱ्याच अंशी पुढच्या पेशीत जाते. म्हणून त्वचेच्या पेशीची लेक त्वचेचीच पेशी होते. १९८७ साली दिसून आले, की मायोडी नावाचे एकच जनुक त्वचेखालील तंतुपेशीत चालू केले तर ती स्नायूपेशीसारखी होऊ लागते. एका कळीवर केवढा पसारा चालतो, हे यावरून कळावे.

ही कळ दाबते कोण? बहुतेक वेळा शेजारी. फलनानंतर पाच-सहा दिवसांनी मानवी भ्रूण पोकळ चेंडूसारखा असतो. बाहेरच्या पेशींची वार बनते, आतल्या झुबक्याचे शरीर बनते. कोण बाहेर आणि कोण आत, यावरून नशिबे वेगळी होतात. शेजारच्या पेशी रसायने सोडतात. ज्या पेशीवर ती जास्त पोचतात ती एक वाट धरते, जिच्यावर कमी पोचतात ती दुसरी. म्हणजे 'सगळ्या सारख्या' असलेल्या पेशीही जागेने सारख्या नसतात.

गडावरचे पाणी

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९५७ साली यासाठी एक चित्र दिले, ते अजून वापरले जाते. डोंगरमाथ्यावर एक गोटी ठेवली आहे, खाली उतरत्या दऱ्या आहेत. गोटी घरंगळताना फाटे येतात, आणि एकदा एका दरीत उतरली की शेजारच्या दरीत जाणे अवघड होते. याच वॉडिंग्टन यांच्याबरोबर एडिंबरो येथे काम करून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणाचे भाग अंड्याबाहेर वाढवून त्यांची जडणघडण अभ्यासण्याची परंपरा पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात रुजवली. तेव्हा हे चित्र आपल्यालाही परके नाही.

नारायणगडावर उभे राहिले की ते आपसूक आठवते. माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब कोणत्या ओहोळाला लागेल हे हातभर अंतरावर ठरते, आणि एकदा खाली उतरला की त्याला पलीकडचा उतार गाठता येत नाही. भ्रूणातील पेशी माथ्याजवळ असते. अस्थिमज्जेतली मूलपेशी मात्र अर्धा डोंगर उतरून रक्ताच्या दरीत आलेली असते. तिच्यापुढे अजून फाटे आहेत, तांबडी पेशी, पांढरी पेशी, बिंबिका. पण ते सगळे रक्ताच्याच दरीतले. नाळेच्या रक्तातली मूलपेशीही प्रामुख्याने याच दरीत असते. पाठात भ्रूण, नाळ आणि मज्जा ही तीन नावे ओळीने येतात, पण त्यांची उंची सांगितलेली नाही. त्यामुळे तिन्ही सारख्याच समर्थ आहेत असा समज होतो.

उपमेची मर्यादाही सांगायला हवी. बीडचे ओहोळ बिंदुसरेला, सिंदफणेला आणि पुढे गोदावरीला मिळतात. वेगळे झालेले पाणी पुन्हा एक होते. पेशींच्या वाटा तशा मिळत नाहीत. दुसरे असे, की थेंब वर चढत नाही; पेशीला मात्र वर चढवता येते. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या, आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील तंतुपेशीत चार जनुके चालू केली आणि त्या पेशी भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या झाल्या. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले ते यासाठीच. पण यासाठी प्रयोगशाळेत आठवडेच्या आठवडे काम करावे लागते, आणि वर चढवलेली पेशी तशीच शरीरात सोडली तर तिची गाठ होऊ शकते. म्हणून तिला आधी नेमक्या वाटेने खाली आणावे लागते. हाडातून काढून त्याच दिवशी सुईने परत सोडलेल्या पेशीच्या बाबतीत यांतले काहीच झालेले नसते.

कोनाडा

मूलपेशी म्हणजे कोरी पाटी, ही उपमा वर्गात फार चालते. ती सोडून द्यावी, असे आम्हाला वाटते. मूलपेशी कोरी नसते. 'अजून थांब' हे तिला सतत सांगितले जात असते. रेमंड स्कोफिल्ड यांनी १९७८ साली असे मांडले, की रक्ताची मूलपेशी मज्जेतल्या विशिष्ट जागी, शेजारच्या पेशींच्या सान्निध्यातच मूलपेशी म्हणून टिकते. त्या जागेला त्यांनी वापरलेल्या शब्दाला मराठीत 'कोनाडा' हा शब्द फार छान बसतो. कोनाड्यातून बाहेर पडलेली लेकपेशी विशिष्ट होण्याच्या वाटेला लागते. आपल्या शरीरात रोज सुमारे २०० अब्ज, म्हणजे दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात, त्या या व्यवस्थेमुळे. प्रत्येक ऊतीचा कोनाडा वेगळा आणि त्यातली मूलपेशीही वेगळी. स्नायूंनाही त्यांच्या स्वतःच्या मूलपेशी आहेत. स्नायुतंतूला चिकटून बसलेल्या या पेशी १९६१ साली सापडल्या. मज्जेतल्या रक्ताच्या मूलपेशींहून त्या निराळ्या आहेत.

जतन कोणासाठी?

साठवणुकीबद्दलही पाठ तांत्रिक तपशील देतो आणि प्रश्न गाळतो. बाळाच्या नाळेचे रक्त त्याच्यासाठीच साठवा, असे सांगणाऱ्या खासगी पेढ्यांच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. नाळेच्या रक्ताचे पहिले रोपण १९८८ साली पॅरिसमध्ये झाले, तेव्हा मुलाला दिले गेले ते त्याच्या बहिणीचे रक्त होते, स्वतःचे नव्हे. यामागे साधे कारण आहे. थॅलेसेमिया घेऊन जन्मलेल्या बाळाच्या नाळेतल्या पेशींतही तेच सदोष जनुक असते. ते रक्त परत देऊन आजार कसा जाणार? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही भविष्यात स्वतःच्या उपयोगासाठी नाळेचे रक्त साठवण्यास वैज्ञानिक आधार नसल्याचे म्हटले आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या पेढीत दान केलेल्या रक्ताची गोष्ट वेगळी. ते जुळणाऱ्या दुसऱ्या रुग्णाच्या उपयोगी पडते. तापमानाचे आकडे पाठ करण्यापेक्षा हा फरक मुलांना कळणे अधिक मोलाचे आहे. ही मुले उद्या आईबाप होणार आहेत.

त्या वडिलांना काय सांगायचे

शिक्षकांशी बोलताना आम्ही उत्तर सांगण्याऐवजी दोन प्रश्न मांडले. पहिला, काढलेली पेशी कोणत्या दरीतली आहे? ती मज्जेतली, म्हणजे प्रामुख्याने रक्त घडवणारी. तिला स्नायूची वाट कोणी दाखवली? दुसरा, पेशी मुलाचीच असेल, तर त्याच्या प्रत्येक पेशीत असलेला जनुकातला दोष या पेशीत नाही का? शिक्षक क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे रोगट बेणं काढायचं आणि तेच पुन्हा लावायचं." आम्हाला याहून चांगले सांगता आले नसते. हे दोन प्रश्न दहावीच्या मुलीलाही विचारता येतील. फक्त पेशी विशिष्ट कशी होते हे तिला कळलेले हवे.

याला तिसरा, व्यवहारातला प्रश्न जोडावा. संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१३ च्या आवृत्तीत शीर्षकातून 'उपचार' हा शब्द मुद्दाम वगळला गेला आणि फक्त 'संशोधन' राहिले. २०१७ च्या आवृत्तीनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांवरील रोपण सोडले तर मूलपेशींचा रुग्णांवरील बाकीचा वापर मंजुरी घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा. चाचणी असेल, तर तिचा नोंदणी क्रमांक असतो, लेखी संमती असते, आणि जो उपचार तपासला जात आहे त्याचे पैसे रुग्णाकडून घेणे अपेक्षित नसते. तेव्हा विचारावे, "ही चाचणी आहे का? नोंदणी क्रमांक काय?"

पाठ्यपुस्तक पुन्हा लिहिले जाईल तेव्हा या सूचनांचा विचार व्हावा. आधी उसाचा डोळा आणि विभाजी ऊती, मग प्रतिलेखन, मग डोंगरउतार आणि कोनाडा, आणि सर्वांत शेवटी उपयोग. तेही तीन रकान्यांत, झालेले, चाचणीत असलेले आणि अजून दूर असलेले. प्रत्येकापुढे साल असावे, म्हणजे यादी जुनी झाली तर मुलांच्या ध्यानात येईल. तोवर शिक्षकांनी हे तीन रकाने फळ्यावर आखावेत आणि पुस्तकातली यादी मुलांकडूनच त्यांत वाटून घ्यावी. एका तासिकेचे काम आहे.

आशा मारून टाका, असे आमचे म्हणणे नाही. मज्जारोपणाने बऱ्या झालेल्या मुलांकडे पाहिले, तर या क्षेत्राबद्दल आदरच वाटतो. स्नायूंच्या आजारांवरही प्रामाणिक संशोधन चालू आहे. पण आशेलाही उंची आणि अंतर असते, आणि ते मोजायला शिकवणे हे विज्ञानाच्या शिक्षकाचे काम आहे.

त्या शिक्षकांचा पुढे फोन आला. वडिलांना त्यांनी तिन्ही प्रश्न कागदावर लिहून दिले होते. केंद्राकडून नोंदणी क्रमांक काही मिळाला नाही, आणि वडिलांनी उचल घेतली नाही. मुलगा बरा झालेला नाही, होईल असेही नाही. जिल्हा रुग्णालयातून आता त्याला व्यायामोपचार मिळतो, आणि त्याच्या वर्गाची खोली तळमजल्यावर हलवली आहे. बहीण यंदा दहावीत आहे. मूलपेशींचा पाठ अजून व्हायचा आहे. शाळेमागे तिने उसाचे तीन तुकडे मात्र लावले आहेत.